लिंबं, सदरे आणि तंबाखू

‘सेवेसाठी आधी प्रशिक्षण हवं, पाठीशी संस्था हवी’ हे काही मला पटत नाही. माझा आदर्श हेन्री द्युनाँ. जिनिव्हाचा हा व्यापारी १८५९ साली निघाला होता अल्जीरियातल्या धंद्याचं घोडं पुढे दामटायला, फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याच्या भेटीला, आणि सापडला इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईतल्या जखमींत. डॉक्टर नव्हताच. जवळच्या कास्तिल्योने गावच्या चर्चमध्ये पाणी पाजलं, जखमा धुतल्या, गाडीवानाला ब्रेशिया शहरात पिटाळून लिंबं, साखर, सदरे आणि चक्क तंबाखू मागवली. त्या दुर्गंधीवर पाइपचा धूर हाच उतारा! त्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडक्रॉस संस्था नंतरची. पुढे त्याचं दिवाळं निघालं, ते वेगळंच. रुग्णालयात कुणाच्या उशाशी रात्र काढताना ‘मला काय येतंय?’ असं वाटलं, की मला ती यादी आठवते.