मदत हवी आहे: बोअरच्या नोंदींचा डेटा कुठल्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) ठेवू?

नमस्कार मंडळी. औसा-निलंग्याकडच्या दोनशेच्या आसपास बोअरच्या नोंदी माझ्याकडे आहेत. खोली, पाणी किती फुटांवर लागलं, मे आणि ऑक्टोबरातली पातळी, जीपीएस आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती. पीएचडीचं काम आहे. आता जर्नल म्हणतंय, डेटा रिपॉझिटरीत ठेवा आणि डीओआय (त्या डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) द्या, मग छापू. गाइड सर म्हणाले, "शोधगंगेवर टाक की." पण तिथे प्रबंध जातो, माझ्या एक्सेलच्या फायली नाहीत.

झेनोडो आणि हार्वर्ड डेटाव्हर्स बघून झाले, दोन्ही फुकट. झेनोडोवर एका नोंदीला ५० जीबी मिळतात. माझा सगळा संसार ऑडिओसकट सहा जीबीचा. तेव्हा जागेचं काही नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एका आजोबांनी ९०० फुटांचा आकडा सांगितला आणि लगेच माझ्या वहीवर हात ठेवला. "लेकरा, खोली लिही, पण गट नंबर लिहू नको." २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली जायला मनाई आहे, म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आमच्याकडे दोनशे फुटांत नुसता फुफाटा निघतो! गट नंबर मी लिहिला नाही, पण जीपीएस टाकला की नकाशावरून गट, गटावरून सातबारा आणि सातबाऱ्यावर नाव. घरबसल्या निघतं सगळं.

शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलाखती श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केल्यात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती गिचमीड दिसते. काय करावं?

प्रतिसाद १
झेनोडोच घ्या, पण नोंदी दोन करा. पाणीपातळीचा तक्ता खुला, मुलाखती आणि जीपीएस 'रिस्ट्रिक्टेड'. त्याचं वर्णन सगळ्यांना दिसतं, फायली मात्र मागितल्यावर तुम्ही द्याल तेव्हाच. डीओआय आधीच राखून ठेवता येतो, तोवर जर्नलला तेवढा कळवा. घाईत 'पब्लिश' दाबू नका. नंतर फाइल सहजासहजी बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते. श्रीलिपीचं आधी युनिकोड करून घ्या आणि तक्ता यूटीएफ-८ सीएसव्हीत (कुठेही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालाच वाचता येणार नाही.

प्रतिसाद २
जीपीएस काढून भागणार नाही हो. गावात ९०० फुटांचा बोअर एकच असेल, तर तो कुणाचा हे पारावर बसलेलं पोरगंही सांगेल. खुल्या तक्त्यात गावाऐवजी फक्त तालुका द्या, आणि खोली शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. गावाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टप्पे केले तर पेपरातला खोली आणि पातळीचा आलेख खुल्या तक्त्यावरून पुन्हा काढता येणार नाही, त्याबद्दल संपादकांना आजच मेल टाकतो. आणि एक राहिलंच: श्रीलिपीतून युनिकोड करताना जोडाक्षरं तुटतात. कुणी हाताने न दुरुस्त करता केलंय का?