टीएनएफ रोखूनही सूज परतली. मग ‘जॅक’ची गोळी नेमके काय अडवते?

कृष्णाकाठ

माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले. तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटांची मुळे इतकी सुजली होती की अनामिकेतली अंगठी साबण लावूनही निघेना आणि शेवटी ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटवर साडेतीन वर्षे बरी गेली. नंतर सूज पुन्हा वाढली, म्हणून डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी अडॅलिमुमॅबचे इंजेक्शन सुरू केले आणि त्याचा गुण असा आला की दीड महिन्यात ती ओले कपडे पिळू लागली. असे सव्वा वर्ष गेल्यावर दिवाळीपासून मात्र सकाळी बोटे दोन-दोन तास आखडलेली राहतात, दुधाची पिशवी कापताना कात्री मिटत नाही आणि सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा निर्देशक, ४१ आला आहे. मधल्या काळात मळमळ होते म्हणून तिने मेथोट्रेक्सेट आपणहून बंद केले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तिचे वय ५८ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता डॉक्टरांनी टोफासिटिनिब ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुचवले आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्यावर माझा आक्षेप नाही. मला यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे. अडॅलिमुमॅब हे टीएनएफ नावाच्या, दाहाचा संदेश वाहणाऱ्या रेणूला पेशीच्या बाहेरच पकडते, तर टोफासिटिनिब पेशीच्या आत शिरून जॅक नावाच्या विकराला अडवते, इतके वाचून कळले. परंतु टीएनएफचा संदेश जॅकमार्फत जातच नाही, असेही त्याच ठिकाणी वाचले. असे असेल, तर टीएनएफला थेट पकडून जे साधले नाही, ते त्याच्या वाटेवर नसलेल्या विकराला अडवून कसे साधेल?

जीवरसायन

आपण वाचलेली दोन्ही विधाने बरोबर आहेत, आणि त्यांतला विरोध आपल्या लक्षात आला हे विशेष. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात पेशीशास्त्र शिकवले. ही शंका वर्गात फार थोड्यांनी विचारली.

निरोगी सांध्याच्या आतले अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींइतके जाड असते. या आजारात ते फुगते, त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते कूर्चेवर व हाडावर चढत जाते. अशा अस्तरातली एकच फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीला आधार देणारी पेशी, डोळ्यांसमोर आणा. टीएनएफचा रेणू तीन सारख्या तुकड्यांचा बनलेला असतो, त्यामुळे तो पेशीपटलावर टेकला की त्याचे ग्राहक, म्हणजे संदेश घेणारी प्रथिने, तिनाच्या जुडीत एकत्र येतात. आतल्या बाजूला काही मध्यस्थ प्रथिने तेथे गोळा होतात आणि त्यांच्यामुळे आयकेके हे विकर कामाला लागते. एनएफ-कॅपा-बी नावाचे प्रथिन एरवी पेशीद्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेले असते. आयकेके या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण करते, तशी खूण झालेले प्रथिन पेशी मोडीत काढते, आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली शोधलेले हे प्रथिन ते हेच. एवढ्या सगळ्या खटाटोपात जॅक कोठेच नाही.

पण गोष्ट तेथे संपत नाही. चालू झालेल्या जनुकांपैकी एक इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक रेणूचे असते आणि पेशी थोडा इंटरफेरॉन-बीटा हा दुसरा संदेशवाहकही तयार करते. काही तासांत हे रेणू बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींवर, इतकेच काय, ज्या पेशीने त्यांना सोडले तिच्यावरही येऊन बसतात. ही दुसरी फेरी मात्र पूर्णपणे जॅकच्या हातची असते, कारण या ग्राहकांना स्वतःचे विकर नसते. त्यांच्या पेशीतल्या टोकाला जॅकचे रेणू चिकटलेले असतात. बाहेर इंटरल्यूकिन-६ बसले की ग्राहकाच्या साखळ्या जवळ येतात, त्यांना चिकटलेले जॅक एकमेकांवर आणि मग ग्राहकावर फॉस्फेट बसवतात, त्या फॉस्फेटला स्टॅट हे प्रथिन येऊन अडकते, जॅक त्यालाही फॉस्फेट लावते, आणि अशा दोन स्टॅटची जोडी केंद्रकाकडे निघते. एनएफ-कॅपा-बीच्या वाटेवर मध्यस्थांची रांग असते, इथे उंबरठ्यावर सांगावा घेणाराच तो आत देवघरापर्यंत पोचवतो.

म्हणून टीएनएफचा पहिला सांगावा टोफासिटिनिबला अडवता येत नाही. त्या सांगाव्यामुळे पेशींनी आपापसांत सुरू केलेली कुजबुज मात्र अडवता येते. शिवाय इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१५, इंटरफेरॉन असे अनेक रेणू जॅकच्याच दाराने येत असल्यामुळे, एखाद्या रुग्णाच्या सांध्यात टीएनएफपेक्षा त्यांचाच जोर असेल, तर ही गोळी तेथे अधिक उपयोगी पडू शकते. इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-१७ यांच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत.

थोडे विषयांतर: १९८९ च्या सुमारास मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांना ही विकरे सापडली, तेव्हा अशा विकरांचा इतका सुकाळ झाला होता की जॅक या आद्याक्षरांचा अर्थ ‘आणखी एक कायनेज’ (कायनेज म्हणजे फॉस्फेट बसवणारे विकर) असा थट्टेने लावला जाई. पुढे रेणूत एकमेकांसारखे दोन भाग आढळल्यामुळे दरवाजांचा रोमन देव, दोन तोंडांचा जेनस, नावासाठी पुढे आला. त्या दोन भागांपैकी एकच विकराचे काम करतो आणि दुसरा त्याला आवरतो.

कृष्णाकाठ

मनःपूर्वक आभार. यावरून पुढचा प्रश्न सुचतो. जॅकला आतून अडवणारी गोळी करता येते, तर मग टीएनएफच्याच आतल्या वाटेवर, म्हणजे आयकेके किंवा एनएफ-कॅपा-बी यांच्यावर बसणारी गोळी का केली नाही? महागडी इंजेक्शने तरी वाचली असती.

जीवरसायन

प्रयत्न पुष्कळ झाले. एनएफ-कॅपा-बीची अडचण मूलभूत आहे. टीएनएफ एकाच वेळी पेशीला दोन गोष्टी सांगते: दाह वाढव आणि मरून जा. पेशी मरत नाही, कारण एनएफ-कॅपा-बी तिला जगवणारी प्रथिनेही तयार करवून घेते. ज्या उंदरांमध्ये या प्रथिनाचा मुख्य घटक जनुकीय बदल करून काढून टाकला, ते जन्मालाच आले नाहीत. गर्भावस्थेतच त्यांच्या यकृताच्या पेशी मरून गेल्या. त्याच उंदरांतून टीएनएफही काढल्यावर मात्र यकृत वाचले.

दुसरी आशा पी-३८ या विकराची होती आणि ते पकडणाऱ्या गोळ्यांच्या रुग्णांवरील चाचण्याही झाल्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सीआरपी खाली यायचा आणि औषध चालू असतानाच पुन्हा मूळ पातळीवर जायचा. पी-३८ दाह वाढवते तसेच दाहाला लगामही घालते. ते अडवले की तो लगामही सुटतो आणि संदेश दुसऱ्या वाटेने वाहू लागतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. आकृतीत बाण जेथे काढला असतो, तेथेच तो थांबतो असे समजण्याची चूक माझ्यासारखे शिक्षकच विद्यार्थ्यांना शिकवतात.

नाडीपरीक्षा

मी संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. वरचे विवेचन उत्तम आहे, पण मूळ प्रश्नातले एक वाक्य सर्वांच्या नजरेतून निसटले, असे मला वाटते. मळमळीमुळे मेथोट्रेक्सेट आपणहून बंद केले होते, ते वाक्य.

अडॅलिमुमॅब हे प्रथिन आहे. शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते; मग इंजेक्शन ठरल्या दिवशी टोचले तरी रक्तात औषध पुरेसे उरत नाही. सोबत मेथोट्रेक्सेट असेल तर अशी प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण कमी राहते. औषध पहिल्यापासूनच लागू पडले नसते, तर या सांध्यात टीएनएफ हा मुख्य सूत्रधार नसावा असा तर्क करता आला असता. येथे दीड महिन्यात कपडे पिळता आले, सव्वा वर्ष चांगले गेले आणि मग गुण ओसरला. अशा वेळी टीएनएफची वाट चुकीची होती असे न म्हणता, त्या वाटेवरचा पहारेकरी निकामी झाला असावा, ही शक्यता मी आधी तपासेन. काही प्रयोगशाळांत औषधाची रक्तातली पातळी आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजून मिळतात. टोफासिटिनिब हा लहान रेणू असल्याने त्याच्याविरुद्ध अशी प्रतिपिंडे होत नाहीत; त्यामुळे गोळी लागू पडली, तरी एवढ्यावरून टीएनएफ निर्दोष ठरत नाही.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. टोफासिटिनिब आणि टीएनएफविरोधी औषधे यांची तुलना करणाऱ्या एका मोठ्या चाचणीत ४३६२ रुग्ण होते. सर्वांचे वय ५० किंवा अधिक आणि प्रत्येकाला हृदयविकाराचा किमान एक धोका-घटक होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण गोळीच्या गटात ३.४ टक्के आणि टीएनएफविरोधी गटात २.५ टक्के आढळले. कर्करोगाचे अनुक्रमे ४.२ आणि २.९ टक्के. यानंतर २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटाच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. आपल्या आई वय आणि रक्तदाब या दोन्ही निकषांत बसतात. म्हणून गोळी वर्ज्य ठरते असे नाही, पण धूम्रपान, कोलेस्टेरॉल, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी यांची चौकशी केल्याशिवाय ती सुरू होऊ नये. क्षयाची तपासणी इंजेक्शनापूर्वी झाली असेल, तरी ती पुन्हा करावी.

आखडलेली सकाळ

मी हीच गोळी दोन वर्षे घेतो आहे आणि सकाळी चहाचा कप एका हाताने धरू शकतो, एवढा फरक नक्की आहे. तिसऱ्या महिन्यात कमरेच्या डाव्या बाजूला पुरळ आले. ते घामोळे समजून मी तीन दिवस पावडर लावत बसलो आणि ती नागीण निघाली. या गोळ्यांवर नागीण उठण्याचा धोका वाढतो, हे मला आधी कोणी ठासून सांगितले असते, तर त्या कळा कदाचित वाचल्या असत्या. गोळी सुरू करण्यापूर्वी नागिणीच्या लसीबद्दल अवश्य विचारा.

कृष्णाकाठ

आईला विचारले. मेथोट्रेक्सेट बंद होऊन सात महिने झाले होते आणि डॉक्टर रागावतील म्हणून तिने सांगितले नव्हते. उद्या आम्ही हे सर्व त्यांच्यापुढे मांडणार आहोत. एकच विचारायचे राहिले: गोळी सुरू झालीच, तर गुण येतो आहे की नाही हे सीआरपीवरून कळेल का?

नाडीपरीक्षा

अर्धेच कळेल. सीआरपी यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा मुख्य हुकूम इंटरल्यूकिन-६ जॅकच्या दाराने देते. गोळी ते दार ओढून घेत असल्यामुळे सांधा निवायच्या आधीही आकडा उतरलेला दिसू शकतो. म्हणून सुजलेले आणि दाबल्यावर दुखणारे सांधे हाताने मोजणे चुकवू नये, आणि सकाळी कात्री किती वाजता मिटू लागली याची आईंनी दिनदर्शिकेवर रोज नोंद ठेवली, तर मला ती सीआरपीइतकीच उपयोगी वाटेल. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृताच्या तपासण्या आणि कोलेस्टेरॉल डॉक्टर ठरवतील त्या अंतराने होतीलच. जंतुसंसर्गातही सीआरपी याच कारणाने कमी चढू शकतो. तेव्हा ताप किंवा खोकला आला, तर जुना अहवाल चांगला होता म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढची गोळी घ्यायची की नाही ते विचारा.