संधिवातात प्रोबायोटिक घेऊन कुणाला फरक पडलाय का?

आखडलेली_बोटं:
र्‍हुमॅटॉइड निघून दीड वर्ष झालं, अँटी-सीसीपी (शरीराच्याच बदललेल्या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट (आजार आटोक्यात ठेवणारी गोळी) आठवड्यातून एकदा चालू आहे, सोबत फॉलिक ॲसिड. सूज बरीच उतरलीय पण सकाळी पाऊण तास मूठच वळत नाही, टूथपेस्टचं झाकण अक्षरशः दातांनी उघडते. आता नणंदेने प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत "चांगल्या" जिवाणूंच्या कॅप्सूलची बाटली आणून दिलीय, तिचं म्हणणं सगळं दुखणं पोटातून सुरू होतं, पोट सुधारलं की गोळ्या सुटतील. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी जे मळमळतं ना, त्यापायी "गोळ्या सुटतील" हे ऐकायला फार गोड वाटतंय. खरंच काही तथ्य आहे का?

जुना_पेशंट:
ताई मी हा उद्योग करून बसलोय. कॅप्सूल सुरू केल्या आणि मनानेच मेथोट्रेक्सेट बंद केलं. पहिले तीन आठवडे एकदम मस्त, मला वाटलं जिंकलो. नंतर कळलं की ते बरं वाटणं जुन्या गोळीचंच होतं, तिचा असर लगेच उतरत नाही. पुढे मनगट असं सुजलं की कपसुद्धा दोन हातांनी धरायचो, शेवटी स्टेरॉइडवर गेलो. घ्यायचं तर घ्या, पण औषध सोडू नका.

लॅबवाली:
नणंद पूर्ण चुकीची नाहीये. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नुकतंच निदान झालेल्या आणि औषध सुरू न केलेल्या पेशंटांची विष्ठा तपासली तर चारातल्या तिघांत प्रीव्होटेला कोप्री हा जिवाणू सापडला, निरोगी लोकांत साधारण पाचातल्या एकात. पण तो आजार घडवतो की आजारामुळे वाढतो हे त्यातून ठरत नाही. आणि गंमत बघा, २०१५ च्या चिनी अभ्यासात पेशंटांमध्ये लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस जास्त निघाला, म्हणजे बाटलीत भरून विकतात त्याच खानदानातला! त्यामुळे "चांगले जिवाणू" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

प्रोबायोटिकच्या ट्रायलही झाल्यात, इराणमध्ये लॅक्टोबॅसिलस केसी ८ आठवडे दिला, नेहमीच्या औषधांसोबत, त्यांच्या जागी नाही. सांध्यांचा स्कोर थोडा सुधारला, पण पेशंट जेमतेम काही डझन. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये मेडिटेरेनियन पद्धतीच्या आहाराला सशर्त हो म्हटलंय, सप्लिमेंटना मात्र सशर्त नाही. तुमच्या बाटलीवर जातीच्या नावापुढे स्ट्रेनचा (म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाचा) नंबर आहे का बघा बरं.

आखडलेली_बोटं:
भिंग घेऊन वाचलं, नुसतं लॅक्टोबॅसिलस आणि पुढे इतके अब्ज एवढंच, नंबरबिंबर काही नाही 😐 बरं अजून एक, मागच्या वेळी डॉक्टर सल्फासॅलझिन जोडू म्हणत होते, तेही पोटाचंच औषध ना?

लॅबवाली:
मग एका स्ट्रेनवर झालेली ट्रायल त्या बाटलीला लावता येत नाही.
आणि सल्फासॅलझिन मूळचं तुमच्याच आजाराचं. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ बाईंना वाटायचं हा आजार जंतूंमुळे होतो, म्हणून जंतुनाशक सल्फा आणि सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या घराण्यातलं) असं जोडून ते बनवलं, आतड्यांच्या सुजेलाही चाललं. ती जोडणी तोडतात कोण, तर मोठ्या आतड्यातले जिवाणूच! ते नसतील तर गोळी बरीचशी अख्खीच बाहेर पडेल. म्हणजे पोटातल्या मंडळींना तुम्ही ऑलरेडी कामाला लावणार आहात.

जुना_पेशंट:
हे मलाही नवीन. बाकी मळमळीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मला गोळीऐवजी इंजेक्शन दिलं तेव्हा सुटली. आणि बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शनं) वगैरे चालू असेल तर जिवंत जिवाणूंची कुठलीही कॅप्सूल न विचारता नकोच, प्रतिकारशक्ती दाबलेली असते.

लॅबवाली:
+१. आणि ते झाकण दातांनी उघडणं बंद करा हो. हिरड्यांच्या आजारातला पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस प्रोटीनमध्ये नेमका तोच बदल करू शकतो ज्याच्याविरुद्ध तुमची अँटी-सीसीपी निघालीय. बाटलीच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या.

आखडलेली_बोटं:
उद्याच फोन करते. झाकण आता नवऱ्याकडून रात्रीच उघडून ठेवते 😄