ऑनर्सच्या मुलांना शिकवायला आंतरविद्याशाखीय प्राध्यापक: स्वतंत्र पद हवे की नको?

गोदाकाठ (धागाकर्ता)

राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम 2023-24 पासून आला, संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून. चौथे वर्ष, म्हणजे खरे ऑनर्स, आता तोंडावर आहे. चार वर्षांची पदवी 176 क्रेडिटची. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवलेल्या आणि 'संशोधनासह ऑनर्स' घेणाऱ्या मुलांना 12 क्रेडिटचा प्रकल्प. ही मुले विचारतील ते प्रश्न एका विषयात मावणारे नसतील, आणि आपली भरती मात्र अजून विषयाच्या पाटीनेच चालते.

माझे म्हणणे सरळ आहे. मोठ्या महाविद्यालयांनी निदान एकदोन पदे प्रश्नाच्या नावाने भरावीत. 'सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र' न म्हणता 'सहायक प्राध्यापक, पाणी आणि ग्रामीण अर्थव्यवस्था' म्हणावे. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी 'संबंधित, सुसंगत किंवा संलग्न' विषयातली चालते. जाहिरात लिहिणारे पहिल्याच शब्दाशी थांबतात. जानेवारी 2025 च्या मसुद्यात तर नेट किंवा पीएचडीचा विषय पदवीच्या विषयापेक्षा वेगळा असला तरी त्या विषयात नेमणूक करता येईल, असे सुचवले होते. दिशा स्पष्ट आहे.

एक काळजी घ्यावी लागेल. कोणकोणते पदव्युत्तर विषय चालतील ते जाहिरातीत नावानिशी लिहा. 'संलग्न विषय' एवढेच लिहिले, तर छाननी करणारा लिपिक प्रमाणपत्रावरचे नाव जाहिरातीशी जुळवतो आणि हवा तोच उमेदवार पहिल्या टप्प्यात गळतो.

ताळेबंद

गोदाकाठ, जाहिरातीची भाषा सुधारता येईल. अडचण नेमणुकीनंतरच्या दहा वर्षांची आहे. 2018 च्याच नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता बघा. मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका निबंधाला विज्ञान, अभियांत्रिकीकडे 8 गुण, भाषा, सामाजिक शास्त्रे, वाणिज्यकडे 10. तुमचा पाणीवाला प्राध्यापक कोणत्या रकान्यात बसवणार? आणि अशी माणसे एकट्याने लिहीत नाहीत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. चौघांनी मिळून केलेल्या चांगल्या कामातून चौथ्याच्या पदरात 10 पैकी 3 गुण पडतात. थेट भरतीने सहयोगी प्राध्यापक व्हायला 75 गुण लागतात. गणित करून बघा.

दुसरे म्हणजे कार्यभार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन दाखवावे लागते. चौथ्या वर्षाला पंधरा मुले असली तर हे तास भरणार कुठून? मग त्याला पहिल्या वर्षाच्या 'ओपन इलेक्टिव्ह'वर, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या निवडीच्या विषयावर टाकतात. तिथे एका वर्गात शंभरावर मुले आणि बहुपर्यायी परीक्षा. ज्या कामासाठी माणूस आणला ते काम बाजूलाच राहते.

विदुला_क

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. ऑनर्सच्या मुलाला दोन विषयांतली खोली लागते. दोन्हींतले थोडेथोडे येणारा एक माणूस त्याला पुरत नाही.

उदाहरण घेऊ. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद आहेत. एका मुलीला त्यातून ज्वारीच्या भावांची मालिका तयार करायची आहे. मोडी येणारा इतिहासाचा शिक्षक कागद वाचून देईल, पण अकरा नोंदींची सरासरी काढून तिला 'त्या दशकाचा भाव' म्हणण्याची चूक त्याच्या हातून होऊ शकते. संख्याशास्त्राचा शिक्षक ती चूक लगेच पकडेल. मात्र पायली, मण, खंडी ही मापे गावागणिक बदलत होती, हे त्याला माहीत नसेल, तर तो सगळे मण एकाच वजनाचे धरून सुंदर आलेख काढेल आणि तोही चुकीचा असेल. शिवाय टिकलेले कागद म्हणजे यादृच्छिक नमुना नव्हे. टंचाईच्या वर्षी पत्रव्यवहार वाढतो आणि नोंदीही वाढतात, त्यामुळे चढे भाव जास्त दिसतात. इथे दोन पक्के मार्गदर्शक लागतात. 'डिजिटल मानव्यविद्या' या पाटीखाली नेमलेला एकच माणूस मोडी अडखळत वाचत असेल आणि त्याचे संख्याशास्त्र सॉफ्टवेअरच्या बटणापुरते असेल, तर दोन्ही चुका एकाच प्रबंधात राहतील.

गोदाकाठ

विदुलाताई, उदाहरण अगदी योग्य आहे, पण ते माझ्या बाजूने बोलते. ते दोघे शिक्षक एका टेबलाशी बसतील कधी? मणाचा प्रश्न संख्याशास्त्रज्ञाला विचारायला हवा, हे त्या मुलीला सुचवणार कोण? असा माणूस मला हवा. तो दोन्हींत तज्ज्ञ नसेल, पण एकात पक्का असेल आणि दुसऱ्यात कुठे पाय घसरतो हे त्याला कळत असेल.

हे मुलाखतीत तपासता येते. नेहमीचा पाठ घ्याच, पण समोर दुसऱ्या विद्याशाखेची मुले बसवा. वीस मिनिटे पाठ, दहा मिनिटे त्यांचे प्रश्न. मग उमेदवाराला विद्यार्थ्यांचे दोन प्रकल्प-आराखडे द्या, एक त्याच्या विषयातला, एक बाहेरचा, आणि चाळीस मिनिटांत लेखी शेरे मागा. बाहेरच्या आराखड्यावर 'हे मला तपासता येणार नाही, अमुक विषयाच्या माणसाला दाखवा' असे नेमके लिहिणारा उमेदवार सर्वांत मोलाचा. सगळ्यावर आत्मविश्वासाने मत देणाऱ्यापासून मुले वाचवायची आहेत.

पैलतीर

गोदाकाठ यांची परीक्षा चांगली आहे, पण तपासणारी समिती कशी असते? नियमानुसार त्यात विषयतज्ज्ञ हवेतच, गणपूर्तीला पाचांपैकी दोन तरी तेच. ते बहुधा एकाच विषयाचे बोलावले जातात आणि स्वाभाविकच आपल्या विषयाच्या कसोटीने मोजतात. कुलगुरूंकडे नावे मागतानाच दोन वेगळ्या विषयांची मागणी लेखी करा. ती नंतर सुधारता येत नाही.

आणखी एक. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' ही चौथी विद्याशाखाच आहे. प्रत्यक्षात तिच्याखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे इतरत्र न बसणारे विषय आले. ते विषय मोलाचे आहेत, पण त्यांना एकत्र ठेवल्याने आपसात संवाद घडत नाही. नवीन पदेही तिकडेच ढकलली, तर इतिहास आणि संख्याशास्त्र होते तिथेच राहतील.

सविता_मो

बिंदुनामावलीचा, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला राखीव हे ठरवणाऱ्या क्रमयादीचा मुद्दा कोणीच मांडला नाही. केंद्रीय संस्थांत 2019 च्या कायद्याने संपूर्ण संस्था हे आरक्षणाचे एकक ठरले, त्यामुळे विभागात एकच पद असल्याने आरक्षण चुकण्याची वाट बंद झाली. पण पात्रता इतकी अरुंद लिहिली की राज्यभरात तीनच उमेदवार सापडतील, तर राखीव पद 'योग्य उमेदवार नाही' या शेऱ्याने रिकामे राहणार. म्हणून चालणारे पदव्युत्तर विषय किमान चारपाच तरी ठेवा. आंतरविद्याशाखीय पीएचडीची सोय मोजक्याच मोठ्या संस्थांत आहे. ती सक्तीची केली, तर नांदेड किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलांना दार बंदच.

ताळेबंद

सविताताईंशी पूर्ण सहमत. म्हणूनच मी सहअध्यापनाकडे वळतो, पण तेही नीट मांडायला हवे. 4 क्रेडिटचा अभ्यासक्रम दोघांनी मिळून घेतला आणि दोघेही चारही तास वर्गात बसले, तर कार्यभार पत्रकात एकूण चारच तास दिसतात, प्रत्येकाच्या नावावर दोन. उरलेले दोन तास तो कुठून दाखवणार? दुसऱ्या वर्षी कोणी तयार होत नाही. प्रकल्पाचेही तसेच. महाविद्यालयाने आपल्या ठरावाने दोघांना पूर्ण चार तास द्यावेत आणि जादा तासांचा भार संस्थेने उचलावा. अनुदानित संस्थेत शासन तो उचलणार नाही, हे आधीच धरून चाला.

विदुला_क

हे मान्य. आणि पद भरायचेच असेल, तर नेमणूक आदेशातच एक मूळ विभाग लिहा. पदोन्नती, रजा, गोपनीय अहवाल तिथूनच. दुसऱ्या विभागाचे तास आकड्यात लिहा, उदाहरणार्थ दर सत्रात आठवड्याला सहा. 'अर्धा-अर्धा' लिहिले की दोन्ही विभाग आपापल्या सगळ्या बैठका, परीक्षांचे सगळे पर्यवेक्षण त्याच्याकडे देतात.

गोदाकाठ, मूल्यमापनाचे काय ठरवले आहे? ज्वारीच्या भावांचा तो प्रबंध बाह्य परीक्षकाकडे इतिहासाचा म्हणून जाणार की संख्याशास्त्राचा? सातव्या सत्राच्या नोंदणीआधी परीक्षा विभागाकडून दोन परीक्षकांची मंजुरी घेतली नाही, तर गुणपत्रिकेवर जो मुख्य विषय असेल त्याच विषयाचा परीक्षक येईल.