रोमची पडझड: नाण्यातलं हीण की बुडालेला महसूल?

कसोटी (प्रश्न)
दिनारियस या रोमन नाण्यातली चांदी घटत गेली, महागाई भडकली आणि साम्राज्य बुडालं, असं सर्रास लिहिलं जातं. पण चांदी संपली तिसऱ्या शतकात, आणि पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवलं इ.स. ४७६मध्ये. मधल्या दोनशे वर्षांचं काय? शिवाय रोमन लेखक प्लिनीने म्हटलेले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) दरसाल हिंदुस्थानात जात होते, त्याचा यात काही वाटा आहे का?

टांकसाळ
आधी नाणी बघू. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंड चांदीत ८४ दिनारियस पाडत, तेही जवळजवळ निखळ. नीरोने इ.स. ६४मध्ये ते ९६ केले आणि कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळी चांदी निम्म्यावर आली. २१५मध्ये कॅराकॅलाने दोन दिनारियसच्या दराचं नवं नाणं काढलं, त्यात चांदी मात्र दीडच दिनारियसची. (ओळखायची खूण: सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट.) २७०च्या सुमारास त्यात जेमतेम दोन-तीन टक्के चांदी उरली होती.

कस तपासताना नुसत्या पृष्ठभागावर क्ष-किरण मारू नका. पाडण्याआधी चकतीच्या वरच्या थरातलं तांबं काढून टाकत, त्यामुळे आकडा फुगतो. आतून भोक पाडून घेतलेला कीसच खरं सांगतो.

पण पुढे कॉन्स्टंटाइनने पौंडाला ७२ या हिशेबाने सोन्याचा सॉलिडस पाडला, आणि तो पूर्व साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, अकराव्या शतकापर्यंत टिकला. ४७६मध्ये नाणं खणखणीतच होतं, ते पुरेसं नव्हतं एवढंच. प्लिनीचा आकडा पहिल्या शतकातला. तो पाचव्या शतकाच्या माथी मारणं हास्यास्पद आहे. आपल्याकडे सापडणारे दिनारियस मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसचे आहेत. इथल्या व्यापाऱ्यांना चांगली चांदी कळत होती.

कार्थेज४३९
खरी गोम महसुलात आहे. सर्वांत मोठा खर्च सैन्याचा, आणि तो भागायचा जमिनीवरच्या करातून. टोळ्यांनी प्रांत तुडवला की कर माफ करावा लागे, कर घटला की सैन्य घटे, आणि मग पुढचा प्रांत उघडा पडे. गॉथ टोळ्यांनी इटली लुटल्यावर ४१३मध्ये पश्चिमेचा सम्राट होनोरियसने कॅम्पानियासह दक्षिण व मध्य इटलीतल्या प्रांतांचा कर पाच वर्षांसाठी एक-पंचमांशावर आणला.

त्यातून सावरायला रोमच्या ताब्यातली उत्तर आफ्रिका होती: धान्य, तेल, रोकड, आणि तोवर युद्धापासून लांब. ४२९मध्ये राजा गायसेरिकचे वँडल टोळीवाले स्पेनमधून तिकडे उतरले आणि ४३९मध्ये तिथलं मुख्य शहर कार्थेज पडलं. नुमिडिया आणि मॉरिटेनिया या तिथल्याच प्रांतांचे काही भाग पुढे परत मिळाले, पण ४४५मध्ये तिथे एक-अष्टमांश करच मागता आला. त्याच सुमारास पश्चिमेचा सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने विक्रीवर एक-चोविसांश कर लावला. कायद्याच्या मजकुरातच कबुली आहे की नव्या सैनिकांना नि जुन्यांनाही पोसायला पैसा पुरत नाही.

आफ्रिका परत घ्यायचे प्रयत्न झाले. ४६०मध्ये पश्चिमेचा सम्राट मेजोरियनचं आरमार स्पेनच्या किनाऱ्यावरच हातचं गेलं. ४६८मध्ये पूर्वेचा सम्राट लिओने हजारावर जहाजं पाठवली. सेनापती बॅसिलिस्कसने गायसेरिकला पाच दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात वारा फिरला आणि वँडलांनी पेटती जहाजं त्या गर्दीत सोडली.

ऱ्हाईनकाठ
महसुलाचं पटतं, पण प्रांत सुटले ते यादवीमुळे, हे विसरू नका. ४०६च्या अखेरीस टोळ्यांनी सरहद्दीवरची ऱ्हाईन नदी ओलांडली. पाठोपाठ ब्रिटनमधून तिसरा कॉन्स्टंटाइन गादीवर दावा सांगत गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) उतरला. ४०८मध्ये दरबाराने आपला सेनापती स्टिलिको यालाच मारलं. गायसेरिक उतरला तेव्हाही आफ्रिकेचा सरदार बोनिफेस रॅव्हेनाच्या (पश्चिमेच्या राजधानीच्या) दरबाराशी नुकताच लढून बसला होता.

कार्थेज४३९
मान्य. पण यादवी पूर्वेकडेही होती, तरी ते टिकले. त्यांच्याकडे इजिप्त शाबूत होता, आणि कॉन्स्टँटिनोपलची ४१३ची तटबंदी. हूणांचा राजा अटिलाला वर्षाला २,१०० पौंड सोनं मोजूनही त्यांचं सैन्य उभं राहिलं.