सासूबाईंचे १७ शेक (रेडिएशन) झाले, १३ राहिलेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी न्यावं का?

केळीवाली_सून (रावेर तालुका, सध्या मुक्काम नाशिक)

नमस्कार मंडळी. एका बोटाने टाइप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सासूबाई ६१ वर्षांच्या. मिसरी लावायची सवय लग्नाआधीपासूनची. दिवाळीनंतर डाव्या हिरडीला फोड आला तो बसलाच नाही, कॅन्सर निघाला. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, दुखरे दातही तेव्हाच काढले. आता नाशिकला शेक चालू आहेत, एकूण ३०. सोमवार ते शुक्रवार. पाडव्यानंतर दोन दिवसांनी पहिला झाला, मध्ये दोन सुट्ट्या आल्या, काल १७ वा झाला. फुले योजनेत बसलं म्हणून मशीनचे पैसे लागत नाहीत. खोलीचं भाडं, गॅस, रिक्षा एवढंच आपलं. एवढंच म्हणते खरी, पण केळीचा भाव यंदा काय चाललाय ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मी आणि आई (सासूबाई) इथे, हे आणि आबा (सासरे) गावी. मुलगा सहा वर्षांचा, तो पण गावीच. सकाळी साडेनऊला आमचा नंबर. मशीनवर जेमतेम दहा मिनिटं, पण चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला खटाखट अडकवतात, त्या आवाजाचीच आईंना धास्ती. आत त्या डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल मोजतात. सहाशेच्या आसपास दार उघडतं म्हणे. बाहेर येतात तेव्हा कपाळावर आणि गालावर जाळी उमटलेली असते, सुतळीच्या खाटेवर उघडं झोपून उठल्यावर उमटते तशी. रिक्षात बसेपर्यंत पदराने झाकून घेतात.

पहिले दोन आठवडे काही वाटलं नाही. शुक्रवारी दुपारची गाडी धरून घरी जायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. ज्या बाईने गेली चाळीस वर्षं भरीत केलं तिने पहिल्या रविवारी भरीत केलं सुद्धा! तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आतून सगळं लाल, वर पांढरे चट्टे. थुंकी एवढी चिकट की बोटाने काढावी लागते. चव गेली, दूधसुद्धा मातीसारखं लागतं म्हणतात. घरची केळी कुस्करून दिली तर टाळूला चिकटून बसली. वजन ५४ चं ४९ झालंय. डॉक्टर म्हणतात नाकातून नळी टाकू, तीन-चार आठवड्यांचाच प्रश्न आहे. आई ऐकत नाहीत. "नाकात नळी घालून मी पोरींसमोर जाऊ? लोकं काय म्हनतीन?"

पोरी म्हणजे माझ्या दोघी नणंदा, एक सुरतेला, एक जामनेरला. आखाजीला दोघी येतात, आणि या वर्षी तर येणारच. आखाजी बुधवारी आहे. गुरुवारी १ मे, मशीन बंद. घरच्यांचं म्हणणं, मंगळवारचा शेक घेऊन निघा, एक बुधवार चुकला तर काय बिघडतं? आईंनाही जायचंच आहे. घागर भरायची, पितरांना पान दाखवायचं, आणि खापरावरचे मांडे आमच्या घरात दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. (मला तर नाहीच. माझा मांडा हातावरच फाटतो.)

अजून एक. मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा आबांनी मुलाला आजीजवळ झोपू दिलं नाही. शेक अंगात मुरलेला असतो, लेकराला बाधतो म्हणाले. आईंची ताटवाटी पण वेगळी ठेवली. आई काहीच बोलल्या नाहीत. रात्री उठून पाहिलं तर ओसरीवर बसलेल्या होत्या. हे खरं आहे का? आणि बुधवार चुकवावा का?

---

लाल_डबा_ड्रायव्हर (अमळनेर)

ताई, मी गुटख्यावाला. बंदी आली २०१२ ला, मी सोडला जीभ कापल्यावर. मला ३३ शेक आणि दर सोमवारी किमो होती. आता तीन वर्षं होऊन गेली, परत गाडी चालवतोय.

बुधवार परस्पर चुकवू नका. मी चुकवला होता. भाच्याच्या लग्नासाठी दोन दिवस दांडी मारली, आल्यावर डॉक्टरांनी असं झापलं की तेवढं डेपो मॅनेजरने कधी झापलं नाही. तोंड-घशाच्या शेकात मध्ये खंड पडला की आजाराला उसंत मिळते, म्हणून ठरल्या दिवसांत संपवायचं असतं. सुट्टी हवी असेल तर आधी विचारा. कधी शनिवारी घेतात, कधी एकाच दिवशी दोन देतात, मध्ये किमान सहा तास सोडून. पण ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

आता नळीचं. मी पण नको म्हणत बसलो होतो. २२ व्या शेकाला चक्कर येऊन पडलो तेव्हा टाकली. पहिल्या दिवशी घशात मासळीचा काटा अडकल्यासारखं वाटतं, शिंक येते, डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी विसरलो. आणि खरं सांगू, त्या दिवसापासून घरातली भांडणं बंद झाली. त्याआधी बायको वाटी घेऊन मागे, मी पुढे. "दोन घोट घ्या." "नको." "एक तरी." दिवसभर तेच. तिचं जेवण राहायचं, माझंही राहायचं. नळी आल्यावर दर दोन-तीन तासांनी ती सिरिंजने भरायची आणि आम्ही दुसऱ्या गोष्टी बोलायचो. केळी, कापूस, पोराची परीक्षा. संपल्यावर तीन आठवड्यांनी काढली. काढली त्या दिवशी वरणाचं पाणी प्यायलो वाटीभर.

व्हई जाई सगळं चांगलं.

---

शेकघरातली (धुळे)

मी रेडिएशन मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट आहे. दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण ते ऐकून राग आला.

आबांना सांगा, खोलीतला दिवा बंद केल्यावर उजेड भांड्यात भरून ठेवता येतो का? बाहेरच्या मशीनने देतात तो शेक मशीन थांबलं की संपला. अंगात काही उरत नाही, घामातून नाही, थुंकीतून नाही, ताटातून नाही. नातवाला कुशीत घेऊन झोपवा. थायरॉईडच्या काही पेशंटना किरणोत्सारी आयोडीन पाजतात, त्यांना काही दिवस लेकरांपासून लांब ठेवतात. लोक ते ऐकतात आणि सगळ्यांनाच लावतात. एवढंच बघा की नातवाला सर्दी-खोकला नसावा. आजीला आत्ता तो परवडणार नाही.

वजनाबद्दल: पाच किलो ही लहान गोष्ट नाही. चेहरा बारीक झाला की मुखवटा सैल बसतो, आत मान हलते, आणि शेक मिलिमीटरच्या हिशोबाने द्यायचा असतो. मग नवा मुखवटा, नवं स्कॅन, नवा प्लॅन. सोमवारी मुखवटा सैल वाटतो का ते आईंना विचारून तुम्हीच सांगा. पेशंट बहुतेक वेळा सांगत नाहीत, उलट आता टोचत नाही म्हणून खूश असतात!

पांढरे चट्टे डॉक्टरांना दाखवलेत का? बुरशी असेल तर तिचं औषध वेगळं असतं आणि ते दिलं की दोन-चार दिवसांत फरक पडतो. बाकी, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दिवसातून सात-आठ वेळा चूळ. खाण्याआधी लावायचं बधिर करणारं औषध मिळतं, तेही मागून घ्या. मानेला तेल, हळद, पावडर काही नको. डॉक्टर देतील तेच मलम. पदर नायलॉनचा असेल तर मानेवर घासतो, जुनं मऊ सुती वापरा. तोंड उघडायचे व्यायाम शिकवले असतील, ते दुखत असलं तरी सोडू नका. पुढे जबडा आखडतो, मग भाकरीचा तुकडा आत जायलाही जागा उरत नाही.

सहाशे मोजून हलत नाहीत, असे पेशंट आम्हाला फार आवडतात.

---

आयुर्सत्य७७

शेक म्हणजे जाळणे. आमच्याकडे एका पाल्याचा काढा आहे, २१ दिवसांत गाठ विरघळते. उरलेले शेक घेऊ नका. मेसेज करा.

---

लाल_डबा_ड्रायव्हर

दादा, तुमच्यासारख्याच एकाच्या काढ्यापायी माझे चार महिने गेले. तेव्हा फोड शेंगदाण्याएवढा होता. इथे दुकान लावू नका.

---

सुरतकर_माहेरवाशीण (मूळ शिरपूर)

आईच्या वेळी मी पण त्या सुरतेच्या नणंदेसारखीच होते, फोनवर सल्ले देणारी. केळीवाली ताई, एक सुचवते, रागावू नका. दोघींपैकी एकीला आखाजी झाल्यावर तुमच्यासोबत नाशिकला येऊ द्या, आठ दिवस तरी. तुम्ही एकट्याने किती दिवस ओढणार? तुमचं स्वतःचं जेवण कधी होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत असते. स्लीपरला पेशंटच्या तिकिटाचं भाडं लागत नाही, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. दवाखान्यातून ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन खिडकीवर द्यायचा. आम्हाला हे शेवटच्या फेरीला कळलं.

---

केळीवाली_सून

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर देता आलं नाही. आज शुक्रवार, २१ वा शेक घेऊन खोलीवर आलो, आई झोपल्यात.

सोमवारी डॉक्टरांना विचारलं. बुधवारी सकाळी सातला पहिला नंबर दिला, म्हणजे शेकही चुकला नाही आणि गाडीही मिळाली. पांढरे चट्टे बुरशीचेच निघाले, औषध चालू केलंय. मुखवटा सैल झालाच होता. आई म्हणाल्या, "सैल झाला तं बरंच झालं ना." शेकघरातल्या ताई, तुमची आठवण झाली. मंगळवारी नवा करून घेतला.

नळी मात्र ड्रायव्हर दादांमुळे लागली. तुमचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. जीभ कापल्यावर परत गाडी चालवतात हे तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, "एसटीवाल्यानं घातली तं मी बी घालते." सोमवारी दुपारी टाकली. पहिली रात्र वाईट गेली.

बुधवारी संध्याकाळी भुसावळला उतरलो तेव्हा फलाटावर भट्टीसारखं तापलेलं. आईंनी मान आणि नाक मिळून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून घेतलं होतं, फक्त डोळे दिसत होते. घागर आबांनी सकाळीच भरली होती. पितरांचं पान झालं होतं, पण मांडे आमच्यासाठी थांबवलेले. जामनेरच्या ताईंनी कणीक तिंबून ठेवली होती. आई चुलीपासून लांब, दारात स्टुलावर बसल्या. तिखटाचा-फोडणीचा वास सहन होत नाही, पुरणाचा होतो. पुरण गोड झालं का ते चाखून सांगता येईना, म्हणून चिमूट घेऊन बोटांवर चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "गूळ कमी पडला." ताईंनी चाखलं. कमीच होता.

पहिला मांडा ताईंचा फाटला, दुसरा माझा. तिसरा मी हातावर घेतला तेव्हा आई उठल्या, माझ्या कोपराखाली हात धरला आणि नुसतं वर-खाली करून दाखवलं, किती उंच आणि कधी फिरवायचं ते. तो खापरावर गेला. एका बाजूला जाड होता, पण गेला.

नळीकडे कोणी पाहिलं नाही असं म्हणणार नाही. सुरतेच्या ताई न्हाणीत जाऊन रडून आल्या. शेजारची काकू बघायला म्हणून आली आणि बघूनच गेली. मुलगा मात्र सिरिंजवरचे आकडे वाचत बसला, पन्नास आली की ओरडायचा. आबांना मी दिव्याचं सांगितलं. काही बोलले नाहीत, पण रात्री नातवाचं अंथरूण आजीच्या खाटेशेजारी त्यांनीच टाकलं. ताट अजून वेगळंच आहे. एका दिवसात किती सांगणार?

आहारवाल्या मॅडमना आधीच विचारून ठेवलं होतं, दुधात पातळ केलेला रस दोनदा गाळून चालेल म्हणाल्या. मलमलच्या फडक्यातून गाळला आणि सगळे जेवायला बसले तेव्हाच आईंना दिला. जिभेला काही कळणार नाही हे ठाऊक होतं. संपल्यावर वरून साधं पाणी सोडलं, नळीचं टोपण लावलं. थोड्या वेळाने आईंनी ढेकर दिला आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आंब्याचा आला वं माय."

जामनेरच्या ताई सोबत आल्यात. आता त्या सिरिंज धुतायत आणि मी जेवतेय. वजन आज ४९ वरच आहे, उतरलं नाही. आणि नव्या मुखवट्यात आई साडेपाचशेलाच बाहेर आल्या. म्हणाल्या, त्यांनी लवकर सोडलं. मला वाटतं, यांनी सावकाश मोजलं.