ड्रॉप सी ट्यूनिंग: जाड तार की लांब स्केल? मदत हवी आहे

मंडळी, सेट-नेक (नेक बॉडीला कायमचा चिकटवलेला) इलेक्ट्रिक गिटार आहे, स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी) २४.७५ इंच, तारा १०-४६ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात, सर्वात बारीक ते सर्वात जाड). ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे सर्वात जाड सहावी तार नेहमीच्या ई ऐवजी सी वर उतरवलेली. अँपचा गेन (डिस्टॉर्शन) वाढवला की सहाव्या तारेचा आवाज नुसता गढूळ होतो आणि जोरात पिक मारलं की सूर आधी चढतो, मग खाली येतो.

हिशेब असा: ई वरून सी म्हणजे ४ सेमीटोन (अर्धे सूर) खाली, त्यामुळे ताण सुमारे ३७ टक्के घटतो. तो परत आणायला ४६ ऐवजी जवळपास ५८ ची तार लागेल. २५.५ इंचावर ५६ पुरेल. २७ इंचावर त्याच तारेला, त्याच सुराला २४.७५ च्या तुलनेत सुमारे १९ टक्के जास्त ताण मिळतो, म्हणजे ५३-५४ मध्ये भागतं. तार जितकी जाड आणि आखूड, तितकी ती ताठ वागते. वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे उपस्वर) थोडे चढे पडतात आणि पॉवर कॉर्ड (दोन सुरांचा कॉर्ड) गढूळ लागतो. म्हणून नुसती जाडी वाढवायला मन धजत नाही.

सेट-नेकची स्केल बदलणं शक्य नाही, ते धरूनच विचारतो:

५८ साठी नटची (नेकच्या टोकाला तारा जिथे टेकतात ती पट्टी) खाच कानशीने किती रुंद करावी? घट्ट राहिली तर तार अडकते, खोल गेली तर मोकळी तार खरखरते. इंटोनेशनसाठी (सगळ्या पडद्यांवर सूर बरोबर लागावा म्हणून) सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे नेताना स्क्रूची जागाच संपली तर काय करता?

की २५.५ ची बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेली) गिटार घेऊन तिला २७ चा कन्व्हर्जन नेक (त्याच बॉडीवर बसणारा, पण स्केल बदलणारा नेक) लावणं बरं? मुंबईच्या पावसाळ्यात असा लांब नेक ट्रस रॉडला (नेकचा बाक सुधारायची आतली सळी) कितपत दाद देतो? धोबीतलाव ते ठाणे, नटचं काम नीट करणारं कुणी असेल तर तेही सुचवा. पिकअप (तारेचा आवाज टिपणारं चुंबकी यंत्र) बदला, हे उत्तर कृपया नको.